इंगोले मास्तरांची दह्याची मोटर

माझ्या दुकानात लोक तक्रार घेऊन येतात तेव्हा त्यांच्या हातात झिजलेली पिन असते, तुटलेला बुश असतो, फार तर फुटका दिवा असतो. इंगोले मास्तर दह्याचं गाडगं घेऊन यायचे.

गिऱ्हाइकांच्या गर्दीतून वाट काढत सरळ आत यायचे, गाडगं माझ्या गल्ल्याशेजारी ठेवायचे, वर बांधलेलं फडकं सोडायचे आणि म्हणायचे, "पाहा."

मी पाहायचो. आत दह्याची लापशी झालेली असायची. वर पाणी, खाली पांढरा चुरा.

"मोडलं," मास्तर म्हणायचे. "गणपतराव, पुन्हा करून आना."

ज्या सुरात चौथीतल्या पोराला वाकडं काढलेलं फुलपात्र पुन्हा काढायला सांगतात, त्याच सुरात. मी अकोल्यात जुन्या मोटरपार्टचं दुकान शून्यातून उभं केलेला माणूस. नांदगाव खंडेश्वरहून आलो तेव्हा माझ्याजवळ एक पान्हा होता, आणि तोही दुसऱ्याचा. मला असं बोलायची कापूस बाजारातल्या शेटची छाती नव्हती. पण मास्तर बोलायचे आणि गाडगं तिथंच सोडून निघून जायचे. मग त्या दह्याचं ताक करून आमची सगळी आळी प्यायची, आणि पिता पिता मला विचारायची, "काय गणपतराव, यंदा कोनता पार्ट फसला?"

माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत असताना तुम्ही हळू बोलून दाखवा.

या सगळ्याचं मूळ एका लॉरीत होतं. लढाई संपल्यावर लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं, त्यात मी बंद पेटीची एक लॉरी उचलली होती. बरीच वर्षं ती माझ्या आवारात उभी होती. तिच्या बॉनेटवर कोंबड्या अंडी घालायच्या. एक दिवस इंगोले मास्तर आले. शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. चित्रकला शिकवायचे. भर वैशाखात अंगात कोट, कोटाच्या खिशात खडू. लॉरीभोवती त्यांनी प्रदक्षिणा घातली, आत चढले, आतून टकटक वाजवून पाहिलं आणि खाली उतरून म्हणाले, "याच्यात घर होईल."

"घर?"

"राहाचं घर. चूल, माठ, बाज, सगळं. मले चालतं घर पायजे."

मी किंमत सांगितली. दुप्पट सांगितली, कारण समोरचा माणूस ती निम्मी करणार हे धरूनच सांगायची असते. मास्तरांनी भावच केला नाही. इथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. भाव न करणारं गिऱ्हाईक दोनच प्रकारचं असतं. एक तर खुळं, नाहीतर तुम्हाला जन्मभर पुरणारं.

"किमतीचं सोडा," मास्तर म्हणाले. "धक्के बसतीन काय, ते सांगा."

"मास्तर," मी छाती ठोकून म्हणालो, "पोटातलं पानी हलनार नाई."

आता हे काय शब्द झाले? बोलायचे शब्द आहेत. जोडे विकणाराही 'जन्मभर टिकतील' म्हणतो. मरताना कोणी जोडे परत आणून देत नाही. पण मास्तरांनी मान डोलवली. "हमी?"

"हमी!"

"हमी ते हमी," मास्तर म्हणाले. हे त्यांचं पालुपद. पुढं ते मला झोपेत ऐकू यायला लागलं.

महिन्याभरात मास्तरांनी लॉरीचं घर करून टाकलं. स्वतः सुतारकाम केलं, स्वतः रंग दिला. साठीला आलेला माणूस मोटर चालवायला शिकला. शिकवणारा कादर मिस्त्री, माझ्या शेजारचा. तो सांगायचा, "सेठ, मास्टरजी गाडी नहीं चलाते, गाडी को समझाते हैं." खरंच होतं ते. समोर बैलगाडी आली की मास्तर मोटर थांबवायचे, खाली उतरायचे आणि गाडीवानाला रस्त्याच्या कोणत्या बाजूनं जावं ते खडूनं रस्त्यावर काढून दाखवायचे.

आत मात्र झकास झालं होतं. डाव्या हाताला ओटा, चूल, पाटा-वरवंटा. कोपऱ्यात तिवईवर माठ. खिडकीखाली मिठाची बरणी. उजव्या बाजूला बाज. आणि दारात, माणसाच्या कपाळाच्या बरोबर उंचीला, एक आडवी लाकडी पट्टी. मी पहिल्यांदा आत चढलो आणि कपाळमोक्ष झाला.

"हे कायले ठोकलं इथं?" मी ओरडलो.

"राहू द्या. वाकून यावं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा चढलो, पुन्हा आपटलो. ती पट्टी काढायचा लकडा मी त्या वर्षात किती वेळा लावला असेल. मास्तर ऐकून घ्यायचे आणि माझ्या कपाळाला लावायला हळद द्यायचे.

पण माझं खरं दुखणं पट्टीचं नव्हतं. ते मोटरच्या मागच्या बाजूला होतं. पहिली चक्कर करून मास्तर मोडकं दही घेऊन आले, मी म्हणालो, "दह्याचा न् मोटरचा काय संबंध?" मास्तर शांतपणे म्हणाले, "पोटातलं पानी कोनाले दिसते? दही दिसते. सकाळी विरजन लावाचं, मोटर चालवाची. पोचेपर्यंत दही लागते. धक्का बसला तं मोडते. सायन्स आहे."

"मी नाई मानत असलं सायन्स!"

दुसऱ्या दिवशी त्यांची मोटर बाजारातून गेली तेव्हा मागच्या दारावर, अकोल्यातल्या कोणत्याही पाटीवर नसतील अशा सुंदर अक्षरांत लिहिलं होतं:

'गणपतराव सावळे, जुने मोटरपार्ट, अकोला, यांची हमी: पोटातलं पाणी हलणार नाही.'

त्याखाली चौकट. चौकटीच्या वर 'निकाल'. आणि आत खडूनं, 'नापास'.

ही पाटी अकोल्यापासून मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती करत पार मोर्शीपर्यंत फिरायची. माणूस आयुष्यभर नाव कमावतो ते कशासाठी? मी पार्ट घ्यायला अमरावतीला जायचो, तर तिथले व्यापारी मला पाहून दोन्ही हातांनी पोट धरायचे. "या सावळेजी, बसा. हळू बसा बरं, पानी हलन!" एकानं तर मला भाव सांगताना म्हटलं, "याच्यावर हमी आहे, पन तुमच्यासारखी नाई." त्याच्याशी मी आजही बोलत नाही.

मी मास्तरांकडे गेलो. "नाव पुसा."

"दही साबूत मोर्शीले पोचू द्या. त्या दिवशी 'पास' लिहितो, न् दुसऱ्या दिवशी नाव पुसतो. हमी ते हमी."

म्हणजे माझी अब्रू एका गाडग्यात विरजली होती. ती न मोडता मोर्शीला न्यायची, एवढंच माझ्या हातात होतं.

मी कामाला लागलो. कादरनं मोटरखाली घुसून पाहिलं आणि निदान केलं. ही लॉरी तोफगोळे वाहायला बांधलेली. मागच्या कमानींना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांना, पोलादी पाट्यांची ही थप्पी. एवढ्या ताठ कमानीवर मास्तरांची चूल आणि बाज म्हणजे हत्तीच्या हौद्यात उंदीर. प्रत्येक खड्ड्याला मोटर घोड्यासारखी उधळत होती. आम्ही कमानींचे निम्मे पाटे काढून टाकले. कादर म्हणाला, "अल्ला कसम, अब मक्खन चलेगी."

मक्खन नाही, ताक आलं. कमानी मऊ झाल्या, धक्के गेले, पण मोटर नावेसारखी डोलायला लागली. दही उभ्यानं मोडायचं ते आडवं मोडलं.

"प्रगती आहे," मास्तर म्हणाले. "पन नापास."

मग स्टेरिंग. त्या स्टेरिंगचं काय सांगावं? अर्धा फेरा नुसता मोकळा फिरायचा. चाक वळवा, काही नाही. आणखी वळवा, काही नाही. मग अर्ज मंजूर व्हावा तशी मोटर अचानक वळायची, आणि नको तितकी वळायची. मास्तर तिला सरळ करायला उलटं फिरवायचे, पुन्हा तेच. रस्ता सरळ असला तरी मास्तरांची मोटर नागमोडीच जायची. आम्ही झिजलेले बुश बदलले, पिना बदलल्या, स्टेरिंगची पेटी आवळली. कादरनं ती अशी आवळली की चाक वळलं की वळलेलंच राहायचं. मूर्तिजापूरच्या अलीकडं एका वळणावर मोटर वळली ती वळतच गेली आणि ज्वारीच्या वावरात जाऊन थांबली. वावराचा मालक काठी घेऊन धावत आला, मागची पाटी वाचली आणि हसत हसत बांधावर बसला. मास्तर त्याच्याकडे जेवून आले. दही तिथंच दोघांनी संपवलं. निकाल मात्र चौकटीत लिहायला विसरले नाहीत.

पेटी सैल करून बेताची केली, तर मोटर डावीकडे ओढायला लागली. हे मात्र मी स्वतः ओळखलं. सगळं वजन डाव्या हाताला! ओटा दगडी, पाटा दगडी, पाण्यानं भरलेला माठ. उजवीकडे काय, तर बाज.

"मास्तर, तुमची चूल उजवीकडं घ्या."

"नाई."

"बरं, पाटा तरी घ्या."

"पाटा चुलीजवळच पायजे. माठ कोपऱ्यात. मीठ खिडकीखाली. हे काही हलनार नाई, गणपतराव."

"अहो, मोटर आहे हे! मोटरले डावं-उजवं सारखं लागते!"

"असन. पन घराले नाई लागत."

मी असा भडकलो की माझ्या हातातली पिन नालीत गेली. शेवटी काय केलं, तर माझ्या आवारातले मोडके गियर, इंजिनाचं फुटकं डोकं, असलं भंगार पोत्यात भरून उजवीकडे बाजेखाली बांधलं. वजन बरोबर झालं. वजन वाढल्यामुळे काढलेल्या पाट्यांपैकी थोडे परत घातले, त्यानं डोलणंही कमी झालं. कादरनं टायरातली हवा थोडी उतरवली. मास्तर माझ्या भंगारावर झोपायला लागले आणि सांगायचे, "झोप छान लागते. फक्त सपनात ओव्हरहॉल दिसते."

या सगळ्या काळात दोन गोष्टी मला कळायच्या नाहीत, आणि न कळणारी गोष्ट मला सहन होत नाही. पहिली ही की ट्रायल दर वेळी मोर्शीलाच का? मी म्हणायचो, "बाळापूरच्या रस्त्यानं जा ना. जवळ आहे, दुपारी परत येता येते. पेट्रोल वाचते." मास्तर खडू हातात फिरवत म्हणायचे, "त्या रस्त्यावर सायन्स बरोबर येत नाई." मोर्शीला त्यांची लेक दिली होती, शांता, संत्र्याच्या बागाइतदाराकडे. ते मला माहीत होतं. पण मग लेकीला भेटायला जायचं तर माणसानं एस्टीनं जावं, दोन दिवस राहावं, पाहुणचार घ्यावा. त्याला दही कशाला?

दुसरी गोष्ट तर अगदीच साधी होती. एकदा चिडून मी म्हणालो, "मास्तर, एवढंच आहे तं गाडगं शिंक्यात टांगा! मोटर कशीबी नाचली तरी शिंकं आपलं झुलते, दही जागच्या जागी."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी परीक्षेत बाजूच्या पोराला उत्तर दाखवलं होतं.

"ते कॉपी झाली, गणपतराव. शिंकं पास होईन. मोटर नाई."

अखेर एके दिवशी माझा संयम सुटला. तसा तो रोजच सुटायचा, पण त्या दिवशी अमरावतीचा तो व्यापारी माझ्या दुकानात येऊन ताक मागून गेला होता. मी मास्तरांना म्हणालो, "आता मी येतो संगं. माह्या डोळ्यांनं पाहातो दही कुठं मोडते ते. न् नाई मोडलं तं तिथंच, मोर्शीलेच, पास लिहाचं."

"या," मास्तर म्हणाले. "वाकून या."

आपटलोच.

सकाळी मास्तरांनी दूध कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिलं, विरजण घातलं, फडकं बांधलं आणि गाडगं ओट्यावर चुंबळीत ठेवलं. बायको गेल्यापासून ते हे सगळं स्वतः करत. मी गाडग्यासमोर पाटावर बसलो. फडकं सोडायची मनाई होती. "निकाल लागाच्या आंधी पेपर पाहू नये."

अकोल्याबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. मास्तरांनी स्टेरिंग हलकंसं फिरवलं आणि मोटर लोण्यातून सुरी जावी तशी रांगेच्या कडेनं निघाली. मी कान देऊन ऐकत होतो. खडखड नाही, करकर नाही. मूर्तिजापूर गेलं. मागं ज्या वावरात मोटर घुसली होती त्याचा मालक बांधावरून ओरडला, "मास्तर, या वावरात!" मास्तरांनी हात केला, मोटर रस्ता सोडून इंचभर सरकली नाही. बडनेऱ्याच्या फाटकावर रूळ ओलांडताना मी डोळे मिटले आणि दोन्ही हात गाडग्याभोवती नुसते धरले, लावले नाहीत. कॉपी नको. डावं चाक चढलं, उजवं चढलं, कमानींच्या पाट्यांनी एकदाच श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि आपण पलीकडे. अमरावतीतून जाताना बाजारातले व्यापारी पोट धरून उभे होते. मी मागच्या खिडकीतून त्यांना म्हटलं, "हसा, हसा! उद्या पाहा!"

मोर्शीच्या अलीकडे नाल्यावरच्या रपट्यावर एक संत्र्याची गाडी एकदम समोर आली. मास्तरांनी चाक वळवलं आणि मोटर त्याच क्षणी वळली. अर्धा फेरा मोकळा नाही, अर्ज नाही, मंजुरी नाही. वळली आणि सरळ झाली. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. ते काम माझं होतं.

उन्हं उतरता उतरता आम्ही शांताच्या सासरी पोचलो. अंगणासमोर रस्त्याच्या पलीकडे एक कडूनिंब. मास्तरांनी मोटर त्याखाली लावली. तिथं जमिनीत चाकांच्या दोन खोल वाटा पडलेल्या होत्या. मोटर आपल्या आपण त्यांत जाऊन बसली. ओट्यावर शांताची सासू चिंचा फोडत होती.

"काहो इवाई," तिनं तिथूनच आपल्या व्याह्यांना विचारलं, "पुन्हा मोटर बिघडली काय?"

"बिघडली नाई. ट्रायल आहे," मास्तर म्हणाले.

माझा घसा कोरडा पडला होता. मी खाली उतरलो. "चला मास्तर, आत जाऊ. पानी तं घेऊ."

"तुमी जा," मास्तर म्हणाले. "माहं पानी इथंच आहे." आणि त्यांनी कोपऱ्यातल्या माठातून पेला भरून घेतला.

आमच्याकडे जुनी रीत आहे: लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. शांताच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि ओट्याजवळ पाळणा कधी बांधला गेला नव्हता. ज्या घरचं पाणी चालत नाही त्या घरी दोन दिवस राहून पाहुणचार कसा घेणार?

एवढ्यात शांता पदराला हात पुसत रस्ता ओलांडून आली. मोटरची पायरी चढली, आणि दारातल्या त्या पट्टीखाली, वर न पाहता, बोलता बोलता वाकली. "बाबा, उशीर झाला आज." तशीच वाकून सरळ झाली आणि चुलीसमोर बसली. मास्तर म्हणाले, "पिठलं करतं काय?" तिनं मागं न पाहता हात मागं नेला तो खिडकीखालच्या मिठाच्या बरणीवर. दुसरा पाट्यावर. मला मास्तरांचं अकोल्यातलं घर आठवलं, जिथं शांता लहानाची मोठी झाली. ठेंगणं दार. त्याची चौकट. आत डाव्या हाताला चूल.

मी बाहेर उभा होतो. पण मी व्यापारी माणूस, आलो होतो एका कामासाठी. "ताई," मी म्हणालो, "आंधी ते फडकं सोडा."

शांतानं फडकं सोडलं. मी पट्टीखालून मान घातली, पहिल्यांदाच न आपटता. गाडग्यात दही असं लागलं होतं की वर आरशासारखी साय, कडेला एक भेग नाही. पाण्याचा थेंब नाही.

"पास!" मी इतक्या जोरानं ओरडलो की निंबावरचे कावळे उडाले. "मास्तर, पास! काढा खडू! झाली मोटर. आता एकबी ट्रायल लागत नाई!"

ओट्यावरून सासूनं ऐकलं. बाई काही वाईट नव्हती; चिंचेचा चिचोका बाजूला टाकत चांगल्या मनानंच म्हणाली, "चला, सुटले इवाई. आता नाई येवळ्या दूर चकरा माराव्या लागत. लोकबी हासत होते, लेकीच्या दारी बाप सारखा कायले येते म्हनून."

शांतानं दह्यात घालायला पळी उचलली होती. ती तशीच वर राहिली.

मास्तरांनी खिशातून खडू काढला. खाली उतरले, मोटरच्या मागं गेले, चौकटीतलं जुनं 'नापास' कोटाच्या बाहीनं पुसलं. मग खडू पाटीला टेकवला. मी शेजारी उभा होतो. मास्तरांचं अक्षर म्हणजे एका झटक्यात ओढलेली रेघ. आज खडू टेकलेला तिथंच होता. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "काम चांगलं केलं तुमी, गणपतराव."

बाळापूरचा रस्ता, शिंकं, कॉपी, सगळं माझ्या डोक्यात एकावर एक येऊन आदळलं. लगेच मला भयंकर राग आला. कोणाचा, ते विचारू नका. मी मोटरच्या टायरवर लाथ मारली.

"पास कायचा?" मी ओट्यापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडलो. माझा आवाज कुठंही जातो. "मास्तर, मी हमी कायची देल्ली होती? दह्याची? पान्याची! पोटातलं पानी म्हनलं होतं मी. दही तं घट्ट असते, ते कायले हलन? ही काय परीक्षा झाली? काठोकाठ पानी भरा गाडग्यात, न् आना अकोल्याहून. एक थेंब सांडला तं नापास!"

"अवो पन," सासू ओट्यावरून म्हणाली, "पानी तं सांडनारच!"

"सांडू द्या! सांडलं तं पुन्हा येनं. माह्या नावाची पाटी आहे ते, माय. मी असं तसं पास होनार नाई!"

सासूनं माझ्याकडे पाहिलं, मग मोटरकडे. "एकाले झाकावं न् दुसऱ्याले काढावं," ती पुटपुटली आणि चिंचा फोडू लागली.

मोटरमधून पळीचा आवाज आला. शांता दही वाढत होती.

मास्तरांनी चौकटीत एका झटक्यात, सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलं, 'नापास'. खडू खिशात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "पुन्हा करून आना."

रात्री मी शांताच्या घरी जेवलो, मास्तर मोटरमध्ये जेवले. दोन्हीकडे वाढायला शांताच होती. सकाळी परत निघालो. अमरावतीच्या बाजारात व्यापारी पोट धरून उभेच होते. त्यांनी पाटी वाचली आणि जो काही हशा झाला तो मी खाली मान घालून ऐकला.

बाजार मागं पडल्यावर मास्तर समोर रस्त्याकडे पाहत म्हणाले, "गणपतराव, एक सांगू काय? रागावू नका. तुमाले सौदा करता येत नाई."

मला! ज्यानं दुसऱ्याच्या पान्ह्यावर दुकान उभं केलं, त्याला! त्यानंतर कितीतरी वर्षं मास्तरांची मोटर काठोकाठ भरलेलं गाडगं घेऊन मोर्शीला जात राहिली आणि रिकामं गाडगं घेऊन परत येत राहिली. दर दसऱ्याला ते माझ्या नावावर नवा रंग चढवायचे, आणि रंगाचा डबा माझ्याच दुकानातून न्यायचे. ते मी विसरलो. पण त्या दिवशी जे बोलले, ते मी अजून विसरलेलो नाही.